हेलसिंकीत रात्र आपणच करायची असते

संध्याकाळी योग केला की रात्री झोप छान लागते, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आणि ते खरंही आहे. पण त्या झोपेत अंधाराचा वाटा केवढा मोठा असतो, ते मला फिनलंडमध्ये राहायला आल्यावर उमगलं. महाराष्ट्रात सूर्यास्त वर्षभरात जेमतेम सव्वा-दीड तास मागेपुढे होतो, आणि सूर्य बुडाला की थोड्याच वेळात मिट्ट काळोख. हेलसिंकी ६० अंश उत्तर अक्षांशाच्या जरा वर आहे. जूनच्या अखेरीस इथे सूर्य रात्री पावणेअकराच्या पुढे मावळतो आणि पहाटे चारच्या आत परत उगवतो. मधल्या वेळात तो क्षितिजाखाली सहा-साडेसहा अंशच उतरतो. त्यामुळे काळोख असा होतच नाही, आकाश रात्रभर निळसर राहतं.

२१ जूनला आपला योग दिवस. संयुक्त राष्ट्रांनी २०१४ मध्ये ही तारीख मान्य केली, आणि उत्तर गोलार्धातला सर्वांत मोठा दिवस म्हणूनच ती सुचवली गेली होती. इथे तो दिवस जवळजवळ एकोणीस तासांचा भरतो. संध्याकाळी आठ वाजता उन्हात, गवतावर चटई टाकून सूर्यनमस्कार घालायला मला मनापासून आवडतं. पण त्यानंतर दहा-साडेदहाला पाठ टेकायची असेल, तर मधल्या दोन तासांकडे नीट लक्ष द्यावं लागतं.

कारण शरीरातच आहे. डोळ्यांच्या दृष्टिपटलात काही पेशी अशा असतात की त्यांचं मुख्य काम बघणं नसून उजेड मोजणं हे असतं. ४८० नॅनोमीटरच्या आसपासचा निळा प्रकाश त्यांना सर्वाधिक जाणवतो. ‘अजून दिवस आहे’ हा निरोप त्या मेंदूतल्या घड्याळाला देतात आणि मेलाटोनिन, म्हणजे झोपेची वेळ झाल्याचं शरीराला सांगणारं संप्रेरक, पाझरायचं लांबतं. दुसरी गोष्ट तापमानाची. झोपेच्या आधी शरीराचं आतलं तापमान हळूहळू खाली यायला लागतं, आणि जोरकस आसनं केली की ते उलट थोडं चढतं. म्हणजे स्नायू सैल, मन शांत, पण अंग तापलेलं आणि डोळ्यांत ऊन, अशा अवस्थेत आपण अंथरुणावर पडतो. मग तास-तास कूस बदलत राहायचं.

म्हणून उन्हाळ्यात माझ्या सरावाचा क्रमच वेगळा असतो. धनुरासन, उष्ट्रासन, कपालभाती, भस्त्रिका हे सगळं सकाळी. संध्याकाळी सूर्यनमस्कार झालेच तर अगदी सुरुवातीला, मग पश्चिमोत्तानासन, बालासन, सुप्त बद्धकोणासन आणि भरपूर वेळ शवासन. वर्गातून बाहेर पडताना मी गॉगल लावते. ट्रामच्या थांब्यावर रात्री नऊला ऊन थेट तोंडावर येतं, आणि शवासनात मिळालेली ती जडशी शांतता तिथेच विरून जाऊ नये, एवढ्यासाठी.

घरी आलं की पहिलं काम खिडक्यांचं. इथल्या घरांत खिडकीच्या दोन काचांच्या मध्ये पट्ट्यांचे पडदे बसवलेले असतात. बाजूची बारीक दांडी फिरवली की पट्ट्या मिटतात. तरी प्रत्येक फटीतून उजेडाची रेघ भिंतीवर उमटतेच. त्यामुळे आतून वेगळे ब्लॅकआउट पडदे लावायचे, तेही चौकटीच्या दोन्ही बाजूंना वीतभर जास्त रुंद. छताचा दिवा बंद, कोपऱ्यात एक पिवळट, मंद दिवा, फोन दुसऱ्या खोलीत. एवढ्यानेच पंधरा-वीस मिनिटांत जांभई येते.

आठवड्यातून एकदा आमची सौनाची, म्हणजे तापवलेल्या वाफेच्या खोलीची, पाळी असते. इथे बऱ्याच इमारतींत रहिवाशांची सामायिक सौना असते आणि प्रत्येक घराला ठरलेला तास मिळतो. फिनिश सौना संस्कृतीची नोंद २०२० मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत झाली, पण मला तिचं महत्त्व कळलं ते झोपेमुळे. तापलेल्या दगडांवर पळीभर पाणी टाकलं की वाफेची लाट पाठीवरून उतरते. दोन-तीन वेळा आत-बाहेर करून, अंगावर गार पाणी घेऊन, पंचा गुंडाळून गच्चीत बसलं की तळवे ऊन लागतात आणि बाकी अंग निवत जातं. उष्णतेने रक्त त्वचेकडे, हातापायांकडे धावतं आणि तिथून शरीर आतली ऊब बाहेर टाकतं. झोपेला हवी असते ती हीच उतरण. सौना नसेल तर झोपण्याच्या तास-दीड तास आधी कढत पाण्याने अंघोळ करा, तोच उपयोग होतो.

त्यानंतर जमिनीवर पाठ टेकून पाय भिंतीला वर लावायचे, विपरीत करणीचा हा सगळ्यात सोपा प्रकार. कंबरेखाली घडी घातलेली चादर. चार मोजत श्वास आत, सहा-सात मोजत बाहेर. उच्छ्वास लांबला की व्हेगस मज्जातंतूमार्फत हृदयाचे ठोके जरा मंदावतात, आणि मनगटावर बोट ठेवलं तर ते कळतंसुद्धा. शेवटी भ्रामरीची पाच-सहा आवर्तनं. त्यानंतर बोलणं नाही. घरच्यांनीही हे आता अंगवळणी पाडून घेतलंय.

हिवाळ्यात सगळं उलटं. डिसेंबरात सव्वातीनला सूर्य मावळतो, पाच वाजता डोळे मिटायला लागतात आणि दहाला टक्क जाग. तेव्हा सकाळी प्रखर उजेडाच्या दिव्यासमोर नाश्ता करायचा आणि संध्याकाळचा योगही जरा जोमाने करायचा, नाहीतर सातलाच अंथरूण धरलं जातं.

इथे शिकायला येणारी आपली मुलं बहुतेक ऑगस्टच्या अखेरीस येतात. तेव्हा रात्री व्यवस्थित अंधार पडतो, त्यामुळे झोपेचा हा प्रश्न त्यांच्या ध्यानातही येत नाही. तो मे महिन्यात, नेमका परीक्षांच्या दिवसांत उभा राहतो. तेव्हा पडदे एप्रिलमध्येच शिवून किंवा विकत आणून लावा, आणि निघताना सामानात डोळ्यांवर बांधायची एक चांगली सुती पट्टी नक्की टाका.