मुठींचा खोका आणि प्रकाशनांचा रकाना

बढतीच्या मुलाखतीत सहसा कागदच फिरतात. त्या दिवशी डिझाइन विभागातल्या एका सहकारी प्राध्यापिकेने फाइलबरोबर एक खोकाही आणला आणि आतली मूठ अध्यक्षांच्या हातात दिली. संधिवाताने बोटं वाकलेल्यांसाठी बनवलेली, काठीची मूठ. "सर, हे माझं प्रकाशन." अर्जात पर्याय तीनच: नियतकालिक, पुस्तक, परिषद. चौथी ओळ तिने पेनने लिहिली होती.

"वस्तू छान आहे. पण हे उत्पादन झालं, संशोधन कुठाय?" ज्येष्ठ सदस्यांनी विचारलं. प्रश्न रास्त होता. नुसती सुबक वस्तू म्हणजे संशोधन, असं मीही मानत नाही.

मी खोका पुढे ओढला. तळाशी बाद केलेल्या मुठी होत्या, प्रत्येकीला चिठ्ठी बांधलेली. एकीवर लिहिलं होतं, 'पकड पक्की, पण सगळा भार अंगठ्याच्या बुडाशी. दुखतं.' म्हणून पुढचीचा माथा रुंद, भार तळव्यावर पसरलेला. तीही बाद, कारण बोटांचा वेढा पुरेना. एकेक मूठ हातात घेत गेलं की तिचा युक्तिवाद तळहातालाच कळत होता. 'मूठ रुंद हवी' एवढं लेखात लिहिता येईल. रुंदी कुठे थांबवायची, ते धरून पाहिल्याशिवाय पटत नाही.

ब्रिटिश कला-शिक्षणतज्ज्ञ ख्रिस्तोफर फ्रेलिंग यांनी डिझाइनविषयीचं संशोधन आणि डिझाइन करत करत होणारं संशोधन यांतला फरक १९९३ मध्येच मांडला होता. ब्रिटनमध्ये विद्यापीठांचं संशोधन तपासणाऱ्या आरईएफ या २०२१ च्या मूल्यमापनात वस्तूही सादर करता येत होती, जोडीला जास्तीत जास्त ३०० शब्दांचं निवेदन. संशोधन कशाला म्हणायचं हे सांगणाऱ्या, ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या फ्रास्काती पुस्तिकेतले पाच निकष मी वाचून दाखवले: नावीन्य, सर्जकता, अनिश्चितता, पद्धतशीरपणा आणि इतरांपर्यंत पोचण्याची किंवा पुन्हा करून पाहता येण्याची सोय. छापील लेखाची अट त्यांत नाही.

पहिले चार इथे दिसतच होते. अडत होतं पाचव्यावर. खोका तिच्या कपाटात राहिला तर दुसरा संशोधक त्यावर पुढचं काम कसं करणार? हे मी तिलाच विचारलं. मापं, आराखडे, चाचण्यांच्या नोंदी तिच्याकडे तयार होत्या. ठेवायला जागा कुणी दिली नव्हती.

बरीच वादावादी झाली. शेवटी ठरलं, की सगळं ग्रंथालयाच्या खुल्या संग्रहात जाईल, बाद मुठींसकट. बाहेरचे परीक्षक फोटोंवरून नव्हे, मुठी हाताळून अहवाल देतील. ती चौथी ओळ अर्जात छापून यावी, असा प्रस्ताव मी त्याच संध्याकाळी कुलसचिवांकडे पाठवला.