पंखा फिरतो, डिस्प्ले नाही

नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी मालवणात बाजार भरात होता. तारकर्लीहून एक काकी पिशवीत लॅपटॉप घेऊन माझ्या दुरुस्तीच्या दुकानात आल्या. "बाबू, बटन दाबलंय की लाइट पेटता, पण पडद्यार काय्येक दिसणा नाय. एकान मदरबोर्ड गेलो म्हणान सांगल्यान. माझे सगळे हिशेब ह्याच्यातच आसत."

काकींचं घरगुती निवास-न्याहारीचं काम. पावसाळ्यात पर्यटक नाहीत, म्हणून जूनपासून लॅपटॉप प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून कपाटात. ते ऐकलं तेव्हाच मला निम्मा अंदाज आला.

बटण दाबलं. पंखा फिरला, लाइट लागला, पडदा काळा. टॉर्च तिरका धरून पाहिला. नुसती बॅकलाइट, म्हणजे पडद्यामागचा उजेड, गेली असेल तर पुसट चित्र दिसतं. इथे काहीच नव्हतं. एचडीएमआयने दुकानातला मॉनिटर जोडला, तोही कोरा. कॅप्स लॉक दाबलं तर त्याचा दिवा लागेना. म्हणजे दोष पडद्यात नव्हता, मशीन सुरूच होत नव्हतं.

चार्जर काढला, खालचं झाकण उघडलं, बॅटरीची पिन सोडवली आणि पॉवरचं बटण तीस सेकंद दाबून धरलं. मग रॅमच्या, म्हणजे मशीनच्या तात्पुरत्या स्मृतीच्या, दोन्ही कांड्या काढल्या. भिंगाखाली त्यांच्या सोनेरी पट्ट्यांच्या कडेला हिरवट बुरशीसारखा थर दिसला. आपल्याकडे बरणीतलं मीठ पावसाळ्यात पाझरतं ना, तसंच हे. आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि समुद्राच्या वाऱ्यात मीठ असतंच. तो खारा ओलावा मुलाम्याखालच्या तांब्याला खातो.

बरेच जण खोडरबर घासतात. मी टाळतो, मुलामा आधीच पातळ असतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि न धागे सुटणारं कापड घेऊन पट्ट्या पुसल्या. एकच रॅम लावली. अंधार. दुसरी लावली. तरीही अंधार. काकी बाकावर पुढे सरकून बसल्या होत्या.

मग स्लॉटकडे, म्हणजे रॅम जिथे बसते त्या खाचेकडे, वळलो. आतल्या पिनांमध्येही तोच हिरवेपणा. मऊ ब्रशने, एकेक पिन सांभाळत, पाऊण तास गेला. सगळं वाळू दिलं, एक रॅम बसवली, बटण दाबलं. पडदा काळाच. पण रॅम बदलल्यावर पहिल्यांदा सुरू व्हायला मशीन वेळ घेतं, म्हणून बंद केलं नाही. मिनिटभराने कंपनीचं चिन्ह उमटलं, आणि माझ्याच छातीत धडधडलं.

दुसरा स्लॉट मात्र नाही वाचला, हे काकींना तेव्हाच सांगितलं. सगळ्यात आधी हिशेब पेनड्राइव्हवर उतरवले.

"आता तांदळाच्या डब्यात ठेवू काय?"

"नको काकी, पीठ आत जातां. दोन-तीन दिवसांनी अर्धो तास चालू करा, त्याच्याच उबेन ओल उडतली."

काकींनी पेनड्राइव्ह पदराच्या टोकाला गाठ मारून बांधला आणि तारकर्लीची एसटी गाठायला निघाल्या.