घड नेला की काडी नेली?

जर्मनीत गाणं फुकट उतरवलं म्हणून दारात पोलीस येत नाही, टपालपेटीत वकिलाचं जाडजूड पाकीट पडतं. इथं त्याला 'आबमानुंग' म्हणतात. सांगली-मिरजेकडून, कराड-साताऱ्याकडून शिकायला येणाऱ्या पोरांना हे पाकीट फार लवकर भेटतं, कारण टोरंटची सवय मोबाईलमध्ये तशीच राहून विमानातून इकडं येते. पाकीट फोडलं की चौघांच्या खोलीत एकच वाद पेटतो: आपण काय चोरी केलीय का? या प्रश्नाला उत्तर आहे. पण पाकीट कुठल्या वाटेनं येतं ते आधी समजलं, तर ते उत्तर नीट पटतं.

टोरंटमध्ये फाइल एका ठिकाणाहून येत नाही. तिचे बारीक तुकडे पाडलेले असतात आणि ते शेकडो लोकांच्या मशीनवरून गोळा होतात. तुमच्याकडं पहिला तुकडा पुरा झाला की तुमचा फोन तो लगेच पुढच्याला द्यायला लागतो. म्हणजे उतरवता उतरवता तुम्ही वाटतही असता. हक्कमालकांनी नेमलेली माणसं त्याच घोळक्यात सामील होतात आणि आयपी पत्ता, सेकंदापर्यंतची वेळ, फाइलची ओळख पटवणारा हॅश अशा तीन गोष्टी टिपतात. तेवढ्यावर न्यायालयाचा आदेश मिळवला की इंटरनेट कंपनीला सांगावं लागतं, त्या क्षणी तो पत्ता कोणाच्या जोडणीला दिला होता. त्यामुळं पत्र ज्यानं वाटलं त्याच्या नावानं येत नाही, ज्याच्या नावावर जोडणी आहे त्याच्या नावानं येतं. चौघांत मिळून घेतलेल्या घरात ज्यानं भोळेपणानं करारावर सही केली, तो सापडतो.

गफलत कुठं होते तेही ठरलेलंच आहे. फोन चालू झाला की अ‍ॅप मागच्या मागं सुरू होतं आणि घरचं वायफाय मिळालं की महिन्यापूर्वीची फाइल वाटायला बसतं. काहीजण हुशारीनं अपलोडच्या वेगासमोर शून्य टाकतात. कित्येक टोरंट अ‍ॅपमध्ये त्या रकान्यातल्या शून्याचा अर्थ 'बंद' नसतो, 'अमर्याद' असतो.

पत्रात दोन मागण्या असतात, पैसे आणि लेखी हमी. पैशांतला वकिलाच्या फीचा भाग घरगुती माणसाच्या पहिल्या चुकीसाठी २०१३ पासून कायद्यानं बांधलेला आहे. दाव्याची किंमत १००० युरो धरायची, त्यावर फी दीड-पावणेदोनशे युरोंच्या आसपास बसते. गाण्यांची भरपाई वेगळी. २०१५ मध्ये इथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयानं एका गाण्याला २०० युरो हा हिशेब मान्य केला. अल्बममधली पंधरा गाणी म्हणजे ३००० युरो. त्याहून जड असते ती हमी, 'पुन्हा असं करणार नाही, केलं तर दंड भरीन' अशी. ती जन्मभर बांधून ठेवते, म्हणून समोरच्यानं पाठवलेल्या मसुद्यावर जशीच्या तशी सही करू नये. पत्र फेकूनही देऊ नये आणि घाबरून त्या वकिलाला फोनही करू नये. मुदत बघायची आणि ग्राहक सल्ला केंद्रात किंवा विद्यापीठातल्या विद्यार्थी संघटनेच्या कायदा सल्ल्याला जायचं. शब्द बदललेली, गरजेपुरतीच हमी देता येते.

आता चोरीचं.

जर्मन भाषेत अशा प्रतीला सर्रास 'राउबकोपी' म्हणतात, म्हणजे दरोड्याची प्रत. पण त्याच देशाच्या दंडसंहितेत चोरीचं कलम २४२ आहे आणि त्याला 'परक्याची, हलवता येणारी वस्तू' लागते. गाण्याची प्रत त्यात बसत नाही. तिच्यासाठी लेखाधिकार (कॉपीराइट) कायद्याचं वेगळं कलम १०६ आहे, दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद. अमेरिकेत हा प्रश्न एल्विस प्रेस्लीच्या बेकायदा तबकड्यांवरून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. १९८५ च्या डाउलिंग खटल्यात न्यायालयानं सांगितलं की चोरीच्या मालाच्या वाहतुकीचा कायदा या तबकड्यांना लावता येत नाही. हक्काचा भंग आणि मालाची चोरी ही एकच गोष्ट नव्हे.

आपल्याकडं भारतीय दंडसंहितेच्या कलम ३७८ मध्ये चोरीची व्याख्या होती. १ जुलै २०२४ पासून ती भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ मध्ये आहे. एक बारीक बदल मात्र झालाय. जुन्या संहितेत 'जंगम मालमत्ता' म्हणजे मूर्त मालमत्ता असं लिहिलेलं होतं. नव्या संहितेत 'मूर्त' हा शब्द गळलाय. त्यावरून उद्या कोणी वाद घालेलही. पण चोरीला आणखी एक गोष्ट लागते: वस्तू दुसऱ्याच्या ताब्यातून काढून घेण्यासाठी ती हलवली पाहिजे. गाण्याची प्रत काढली तरी गाणं होतं तिथंच असतं.

तासगावच्या माणसाला हा फरक समजायला कायद्याचं पुस्तक लागत नाही. रात्री कुणी द्राक्षाच्या बागेत शिरून चार पेट्या माल काढून नेला तर ती चोरी. वेलीवरचे घड गेले, व्यापाऱ्याच्या काट्यावर तेवढं वजन कमी भरणार. आता दुसरं बघा. छाटणीतली काडी कुणी उचलून नेली आणि आपल्या बागेतल्या डॉगरिज जातीच्या खुंटावर कलम भरलं. वेल जागेवर, घड जागेवर, वजन तेवढंच. तास-ए-गणेश हा वाण तासगाव तालुक्यातलाच, थॉमसन जातीच्या द्राक्षबागेतून निवडलेला. तो असाच काडी-काडीनं बागांतून पसरला. त्याला चोरी कुणी म्हटलं नाही. पण ज्यानं हजार वेलींतून तो वेल हेरला, जपला, त्याचं काय, हा प्रश्न तरी खरा होताच. देशानं त्यासाठी चोरीचं कलम ताणलं नाही. २००१ साली वाणांचे आणि शेतकऱ्यांचे हक्क सांगणारा वेगळा कायदाच केला. घडाचा कायदा वेगळा, काडीचा वेगळा. आणि गाणं ही काडी आहे.

जर्मनीतली आणखी एक रीत घरच्या लोकांना नवल वाटेल अशी आहे. इथल्या शहर वाचनालयात पुस्तकांसारख्या गाण्यांच्या सीडीही घरी नेता येतात. नक्कल रोखणारं कुलूप न फोडता त्यातलं गाणं स्वतःपुरतं उतरवून घेतलं, तर लेखाधिकार कायद्याचं कलम ५३ त्याला मुभा देतं. मित्रानं विकत घेतलेल्या सीडीचंही तसंच. फुकट नाही बरं का: फोन, पेनड्राइव्ह, कोरी सीडी यांच्या किमतीतच त्यासाठी एक आकारणी धरलेली असते आणि ती संस्थांमार्फत कलावंतांकडं जाते. उघडउघड बेकायदा ठिकाणाहून उतरवलेल्याला ही मुभा नाही. चोरीचे पैसे कुणी आगाऊ भरून घेत नाही. प्रत काढण्याला भाडं ठरवता येतं, म्हणजे सगळा प्रश्न परवानगीचा आणि मोबदल्याचा आहे.

म्हणूनच 'डाउनलोड म्हणजे चोरी' ही घोषणा मला घातक वाटते. पोराला दिसतं की गाणं कुठं गेलेलं नाही, आणि तो ठरवून टाकतो की चोरी नाही म्हणजे काहीच नाही. आपल्या लेखाधिकार कायद्याचं, म्हणजे १९५७ च्या कायद्याचं, कलम ६३ त्याच्या कानावर कधी पडलेलंच नसतं: सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड. सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र ठरवलाय. धंद्यासाठी केलेलं नसेल तर न्यायालय कारण नोंदवून शिक्षा कमी करू शकतं. हा भेद महत्त्वाचा आहे.

एसटी स्टँडसमोरच्या मोबाईल दुकानात कार्ड भरून देतात, त्याचा हिशेब मांडून बघा. संगणकावर फोल्डर तयार असतात: जुनी मराठी, भक्ती, लावणी, डीजे. आठ जीबीच्या कार्डात प्रत्यक्षात साडेसात जीबीच्या आत जागा मिळते. गाण्याला पाच एमबी धरले तर साधारण दीड हजार गाणी. समजा दुकानदारानं पन्नास रुपये घेतले. एका गाण्याला तीन पैसे पडले, आणि त्यातला एकही पैसा गाणाऱ्याकडं, लिहिणाऱ्याकडं गेला नाही. इथं कुणीतरी दुसऱ्याच्या काडीची रोपवाटिका थाटलीय. घरात एक गाणं उतरवून ऐकणारी आजी आणि हे दुकान कायद्यानं एका मापात मोजलेलं नाही, आपणही मोजू नये.

पण सगळं खापर दुकानावर फोडून भागत नाही. गावाकडचे लोकगीत गायक, शाहीर, भजनी मंडळं एकरकमी पैसे घेऊन कागदावर सही करतात आणि गाणं कायमचं हातातून जातं. ही गळती डाउनलोडपेक्षा मोठी आहे असं माझं ठाम मत आहे. २०१२ च्या दुरुस्तीनं गीतकार-संगीतकाराला आधार दिलाय. रॉयल्टीतला, म्हणजे गाणं वाजेल तसा मिळणाऱ्या पैशातला, त्यांचा वाटा त्यांना सही करूनही सोडता येत नाही, फक्त वारसाला किंवा लेखाधिकार संस्थेला देता येतो. पण तो वाटा आपोआप घरी येत नाही. आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांच्या लेखाधिकार संस्थेचं सभासद व्हावं लागतं आणि एकेक गाणं नोंदवावं लागतं. गाणं चढवताना ध्वनिमुद्रणाची ओळख पटवणारा बारा अक्षर-अंकांचा आयएसआरसी क्रमांक घ्यावा, आणि कुणाचा किती टक्के हे रेकॉर्डिंगच्या दिवशीच कागदावर उतरवावं. सगळ्यात जास्त घोळ एका शब्दानं होतो: चाल स्वतःची असूनही रकान्यात 'पारंपरिक' लिहितात. तिथं संगीतकाराचा वाटा संपला.

खरोखर पारंपरिक किंवा मुक्त झालेलं भरपूर आहे, आणि ते बिनधास्त घ्यावं. लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षं आणि ध्वनिमुद्रणाला प्रकाशनानंतरच्या वर्षापासून साठ वर्षं, हा आपला नियम. वाळवा तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचे पठ्ठे बापूराव यांच्या लावण्यांचे शब्द कधीच मुक्त झालेत. त्या कुणीही गाव्यात. मात्र गेल्या वर्षी कुणी नव्यानं गायलेलं ध्वनिमुद्रण त्याचं त्याचं. मिरजेत राहिलेले गायक अब्दुल करीम खाँ १९३७ मध्ये गेले. त्यांच्या हयातीत निघालेल्या तबकड्यांची मुदत भारतात संपलीय. आटपाडी तालुक्यातल्या शेटफळेचे गदिमा १४ डिसेंबर १९७७ ला गेले, म्हणून त्यांच्या शब्दांवरचा हक्क ३१ डिसेंबर २०३७ पर्यंत टिकतो. एका गाण्यात शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण असे तीन वेगळे हक्क असतात. तिन्ही तपासल्याशिवाय 'जुनं आहे, चालतंय' म्हणू नये.

येत्या हंगामात इकडं येणाऱ्यांनी सामान बांधतानाच टोरंट अ‍ॅप काढून टाकावं. नुसतं चिन्ह पुसून भागत नाही. अर्धवट उतरलेल्या फाइलींचा फोल्डरही पुसावा, नाहीतर नव्या फोनवर बॅकअप घेताना अ‍ॅप आणि फाइली दोन्ही परत येऊन बसतात. गाणी ऐकायच्या अ‍ॅपमधली ऑफलाइन सोय वापरावी, आणि आवडत्या गायकाचं गाणं विकत मिळत असेल तर घ्यावं. घराच्या इंटरनेट करारावर तुमची सही असेल तर वायफायचा पासवर्ड बदलून घ्यावा, आणि कोणकोण वापरतं ते तारखेसह लिहून ठेवावं. पाकिटाचा वाद न्यायालयात गेला तर तिथं तुम्हाला तेच विचारतात.