दारातून हाक

रात्रीचे साडेअकरा.

संध्याकाळी मुलाची नखं कापत होतो. सहा वर्षांचा आहे, एका जागी बसत नाही. मांडीवर घेऊन एकेक बोट घट्ट धरावं लागतं. करंगळीवर आलो तेव्हा त्याने विचारलं, “बाबा, युद्ध झालं तर तुला जावं लागेल?”

“माहीत नाही रे.”

“आणि आईला?”

“आईला बहुतेक नाही.”

“का?”

मी नखं कापत राहिलो. त्याचा तो ‘का’ अजून डोक्यातून जात नाहीये, म्हणून वही उघडली.

माझे वडील फौजेत होते. त्यांना मी ‘अहो बाबा’ म्हणायचो, हा मला ‘अरे बाबा’ म्हणतो. आईने आम्हा भावंडांना अगदी लहानपणी एक नियम घालून दिला होता: बाबा झोपले असतील तर अंगाला हात लावून उठवायचं नाही. दारात उभं राहून हाक मारायची, त्यांनी डोळे उघडले की मगच आत जायचं. एकदा धाकटी विसरली. पळत गेली, त्यांच्या खांद्याला हात लावला आणि दुसऱ्याच क्षणी तिचं मनगट त्यांच्या मुठीत होतं. ते पुरते जागेही झाले नव्हते. भानावर आले तशी मूठ सुटली. तिच्या मनगटावरचे लाल वळ बघत राहिले आणि काही न बोलता मागच्या दारी जाऊन बसले. त्या दिवशी जेवले नाहीत. आम्हाला वाटलं, रागावलेत. आता मी त्यांच्या तेव्हाच्या वयाचा झालोय आणि मला खात्री वाटते की ते घाबरले होते. स्वतःलाच.

या दुखण्याला तेव्हा आमच्या घरात नाव नव्हतं. पहिल्या महायुद्धात डॉक्टर त्याला ‘शेल शॉक’ म्हणू लागले, पण थरथरणारा सैनिक आजारी की भित्रा, हा निवाडा बऱ्याचदा अधिकाऱ्याच्या हातात असे. पळून जाणं, भ्याडपणा अशा आरोपांवरून ब्रिटिश सैन्याने आपल्याच 306 सैनिकांना गोळ्या घातल्या. त्यांना माफी मिळाली 2006 साली. आज आपण ज्याला पीटीएसडी, म्हणजे भयंकर अनुभवानंतर मनात राहिलेला आघात, म्हणतो, ते नाव अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या अधिकृत सूचीत आलं 1980 मध्ये. तोवर असंख्य घरांतल्या बायकांनी स्वतःच नियम शोधून काढले असणार, माझ्या आईसारखे.

मर्दानगी पुरुषच एकमेकांवर लादतात असंही नाही. ऑगस्ट 1914 मध्ये इंग्लंडमधल्या फोकस्टन गावी एका निवृत्त अ‍ॅडमिरलने 30 बायका गोळा केल्या. साध्या कपड्यातला तरुण दिसला की त्याला पांढरं पीस द्यायचं, म्हणजे तू भित्रा आहेस. ही लाट पुढे देशभर पसरली. रजेवर आलेल्या सैनिकांनाही ती पिसं मिळाली. बाईच्या नजरेत आपण पुरुष उरणार नाही, ही भीती तेव्हा बंदुकीइतकीच कामाला लावली गेली. हे वाचल्यावर मी बराच वेळ अस्वस्थ होतो.

आणि युद्ध पुरुषाला वेगळं काढतं ते मारण्यासाठीच असं नाही, मरण्यासाठीही. जुलै 1995, बोस्नियाच्या युद्धात सर्ब फौजांनी घेतलेलं स्रेब्रेनिका गाव. बायका आणि लहान मुलं एका बाजूला, पुरुष आणि वयात येणारे मुलगे दुसऱ्या बाजूला. बायकांना बसमध्ये बसवून पाठवलं. आठ हजारांहून अधिक पुरुष आणि मुलगे मारले गेले. कोणता मुलगा ‘लहान’ आणि कोणता ‘पुरुष’, हे एखाद्या सैनिकाने नुसतं बघून ठरवलं असेल. शेजारी उभ्या असलेल्या बापाने तेव्हा काय केलं असेल? मुलाला गुडघे वाकवून उभं राहायला सांगितलं असेल का? याच्यापुढे मला विचार करवत नाही.

फेब्रुवारी 2022 मध्ये युक्रेनने 18 ते 60 वयाच्या पुरुषांना देश सोडायला बंदी केली. त्यातून ज्यांना सूट होती, त्यांत तीन किंवा अधिक अल्पवयीन मुलांचे बाप होते. एका किंवा दोन मुलांचा बाप असाल तर मुलांना आगगाडीत बसवायचं आणि फलाटावर थांबायचं. देशावर हल्ला झालाय, कुणीतरी लढायला हवंच, हे मला समजतं. पण बापपण असं मोजलेलं पाहून पोटात तुटलं.

शरीराचं म्हणणं तर काही वेगळंच आहे. फिलिपिन्समध्ये 624 तरुणांचा काही वर्षं पाठपुरावा करून 2011 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. बाप झालेल्यांचं टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी संप्रेरक, बरंच घसरलं होतं. जे रोज तीन तास किंवा जास्त वेळ मुलांचं करत होते, त्यांच्यात ते सर्वांत कमी होतं. म्हणजे मूल हातात आलं की पुरुषाचं अंग आपण होऊन मऊ व्हायला लागतं. मग ‘पुरुषाची जात मुळातच अशी’ असं कुणी म्हणालं की मला ते पटत नाही. माझ्या बाबांच्या अंगालाही हे येत असणार. त्यांना ते तिथे परवडत नव्हतं, आणि इथे परत आल्यावर ते पुन्हा कसं अंगात आणायचं हे कुणी सांगितलं नाही.

अभिमन्यूची गोष्ट सांगताना आपण त्याच्या शौर्याबद्दल बोलतो. मला मात्र नेहमी अर्जुन आठवतो. व्यूहात शिरायचं कसं हे बापाने शिकवलं, बाहेर यायचं कसं हे राहून गेलं. बाबांनाही कवायत, शिस्त, निशाणा, सगळं नीट शिकवलेलं होतं.

ते गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. मागे एकदा बायको म्हणाली, “तू कधी लक्ष दिलंयस का? मुलाला उठवायचं असलं की तू दारातूनच हाक मारतोस.” मी कधीच लक्ष दिलं नव्हतं. माझ्या मुलाला हात लावून उठवलं तर तो फक्त कूस बदलतो. तरी माझे पाय उंबऱ्याशी थांबतात.

त्याच्या ‘का’चं उत्तर आजही दिलं नाही. तो विसरणार नाही, पुन्हा विचारेल.

सकाळी शाळा आहे. गजर सहाचा लावलाय. आत जाऊन उठवायचं.