साडेसहाची भरती

आज सकाळी चालायला पावणेसातला पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर पोचले तर सगळ्या थांबलेल्या. शेजारच्या काकी लांबूनच ओरडल्या, "किदें गो, आयज वेळ जालो मगो?" खरं सांगायचं तर त्या ओरडण्यासाठीच उठते मी. एकटी असते तर पांघरूण जिंकलं असतं.

आम्ही सातजणी. मिरामार ते कंपाल, मग कला अकादमीवरून परत. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला निदान 150 मिनिटं चालण्यासारखा व्यायाम सांगते. आमची चालण्याची मिनिटं भरतात की गप्पांची, देव जाणे. वेग मात्र गुडघे दुखणाऱ्या काकींचा. त्यांना मागे टाकून कुणी पुढे जायचं नाही, एवढा एकच नियम.

घोळ चालण्यानंतर होतो. पहिले दोन आठवडे आम्ही थेट पातळभाजी-पाव, वर मिरचीभजी आणि एकेक तळलेला बन्स हाणत होतो! आता रविवारी एकीने घरून काहीतरी आणायचं. आज वहिनींनी नाचणीचं तिजान, म्हणजे पातळ खीर, आणलं, गूळ बेताचा. मागच्या रविवारी उकड्या तांदळाची पेज होती, सोबत खारातली तोरं, म्हणजे मिठाच्या पाण्यात मुरवलेल्या छोट्या कैऱ्या. दिवसाला मीठ 5 ग्रॅमच्या आत हवं, हे मी तिसरं तोर चोखतानाच सांगितलं. सगळ्यांनी जे बघितलं माझ्याकडे!

पुढच्या रविवारी माझी पाळी. अळसांदे, म्हणजे चवळी, उकडून कांदा-खोबरं घालावं म्हणते. काकींनी आधीच बजावलंय, "आनी पाव हाडूं नाका."

दोनच आणीन.