चष्म्याचं घर

रविवार, रात्री साडेअकरा

दिवसभर रिपरिप. टॉवेल तीन दिवस दोरीवर लोंबतायत, घरभर कुबट वास. इस्त्री करायला बसले आणि फोनवर एका जुन्या इंग्रजी मालिकेतला तुकडा लागला. इस्त्री राहिलीच.

मालिका 'कोरोनेशन स्ट्रीट'. 1960 मध्ये सुरू झाली ती अजून संपलेली नाही. (आपण दोन वर्षांतच 'आता आवरा' म्हणायला लागतो.) मँचेस्टरकडच्या कामगार वस्तीतली गल्ली, कोपऱ्यावर पब आणि त्या पबात साफसफाई करणारी हिल्डा ऑग्डेन. केसांना कर्लर, वरून रुमाल घट्ट बांधलेला, तोंडाचा पट्टा अखंड चालू. कुणाच्या घरात काय शिजतंय, हे शिजवणाऱ्याच्या आधी हिला ठाऊक.

ही हिल्डा केली जीन अलेक्झांडरने. 1926 चा जन्म, लिव्हरपूलची. नाटकात शिरण्याआधी ती ग्रंथालयात सहायक होती, हे वाचलं आणि बाई एकदम आमच्या खात्यातली वाटायला लागली. मी अजून पुस्तकांवर शिक्केच मारतेय. तिने 1949 मध्ये ते खाली ठेवले आणि मॅक्लसफील्डच्या नाटक कंपनीत गेली. मग बरीच वर्षं या गावातून त्या गावात नाटकं. 1964 मध्ये हिल्डा मिळाली तेव्हा सदतीस वर्षांची होती. पडद्यावर छान दिसायची हौस तिने मुळी ठेवलीच नाही. ते कर्लरसुद्धा युद्धाच्या काळात कारखान्यात कामाला जाणाऱ्या बायकांकडून उचललेले. आमच्याकडच्या मालिकेत बाई झोपेतून उठते तरी लिपस्टिक जागच्या जागी असते, ते आठवून हसू आलं.

नवरा स्टॅन म्हणजे आळशांचा राजा. ते काम करणारे बर्नार्ड यूअन्स प्रत्यक्षात ग्रॅनडा टीव्हीवर निवेदक होते! वीस वर्षं ती त्याला फैलावर घेत राहिली. घरात भिंतीवर प्लास्टरची तीन उडती बदकं, मधलं कायम वाकडं. भिंतभर डोंगरांचं चित्र होतं, त्या 'म्युरल'ला ती ऐटीत 'म्युरिएल' म्हणायची.

1984 च्या ऑगस्टमध्ये यूअन्स वारले आणि नोव्हेंबरात मालिकेतला स्टॅनही गेला. मी पाहिला तो तुकडा त्यानंतरचा. हिल्डा टेबलाशी एकटी. समोर दवाखान्यातून आलेलं त्याच्या वस्तूंचं पुडकं. ती ते सोडते. चष्म्याचं घर हाताला लागतं. ते उघडते, चष्म्याकडे बघते आणि रडायला लागते. एक शब्द नाही. वीस वर्षं जिचं तोंड बंद नव्हतं, ती बाई गप्प. सिनेमात हे जमलं नसतं असं मला वाटतं. दोन तासांच्या भांडणाला असं रडणं परवडत नाही, त्याला वीस वर्षांचं भांडण पाठीशी लागतं.

बाबांच्या वस्तू मला निळ्या पिशवीत मिळाल्या होत्या. लुंगी, दाढीचं सामान, अर्धी संपलेली पेस्ट. तिथल्या कागदावर यादी होती. मी सवयीने एकेक वस्तू ताडून पाहिली, 'चष्मा 1' वर खूण केली आणि सही करून मोकळी झाले. घर उघडून आत चष्मा आहे का, हे मात्र पाहिलं नव्हतं. आजही ते कपाटात आईच्या शालींखाली आहे. आता उठून बघावंसं वाटलं, पण आई झोपलीय आणि कपाटाचं दार करकरतं.

असो. 1987 च्या नाताळच्या दिवशी हिल्डाने गल्ली सोडली. तो भाग अडीच कोटींहून जास्त लोकांनी पाहिला. जीनबाई तेव्हा एकसष्टच्या, मालिकेने काढलं नव्हतं, स्वतःहून निघाल्या. लग्न केलं नव्हतं. साउथपोर्टला समुद्राकाठच्या गावात राहायच्या. 2016 मध्ये नव्वदी गाठून तीनच दिवसांनी गेल्या.

पण त्याआधी मजा केली. 'लास्ट ऑफ द समर वाइन' या दुसऱ्या मालिकेत त्या आंटी वेनराइट झाल्या, जुन्या भंगार वस्तूंच्या दुकानाची पक्की चेंगट मालकीण. दारात आलेला माणूस काहीतरी गळ्यात पडल्याशिवाय परत जायचा नाही. चष्म्याचं ते घर तिच्या हाती लागलं असतं तर तेही तिने कुणाला तरी खपवलं असतं, आणि वर मोडकी छत्री.