जिथे पॉइंटरच नाही, तिथे पॉइंटरची तक्रार

लिनक्स कर्नलच्या, म्हणजे त्या संगणक-प्रणालीच्या गाभ्याच्या, एका जुन्या आवृत्तीतील ड्रायव्हरमध्ये (उपकरण हाताळणाऱ्या कोडमध्ये) बदल करताना माझी अख्खी दुपार एका इशाऱ्याने खाल्ली. भिन्न प्रकारच्या पॉइंटरांची (स्मृतीतल्या पत्त्यांची) तुलना होत असून कास्ट, म्हणजे प्रकाराचे उघड रूपांतर, केलेला नाही, अशा अर्थाची तक्रार जीसीसी या सी भाषेच्या कंपायलरने (कोडचे यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅमने) ज्या ओळीवर केली होती, त्या ओळीत औषधालाही पॉइंटर नव्हता. होता तो फक्त दोनपैकी लहान संख्या देणारा 'मिन' हा मॅक्रो (नाव लिहिले की त्या जागी ठरलेला कोड घालणारी सोय) आणि त्याला दिलेल्या दोन संख्या, एक 'इंट' (ऋणही चालणारी पूर्णांक संख्या) आणि दुसरी 'साइझ_टी' (आकारमानासाठीची, कधीही ऋण नसणारी).

मॅक्रोची व्याख्या उघडल्यावर उलगडा झाला. दोन्ही संख्यांचे प्रकार जुळतात की नाही हे पाहण्यासाठी त्या व्याख्येत दोन तात्पुरत्या चलांचे पत्ते एकमेकांशी ताडून उत्तर टाकून दिले जात असे. प्रकार वेगळे असले की पत्त्यांचे प्रकारही वेगळे ठरत आणि कंपायलर कुरकुरे. युक्ती चतुर खरी, पण वाचणाऱ्याच्या दृष्टीने दुखणे रेड्याला आणि डाग पखालीला.

दोन्ही संख्या आपण सांगू त्या प्रकारात बदलून मग तुलना करणारा 'मिन_टी' वापरून 'इंट' लादला की इशारा गप्प होतो, आणि मीही आधी तेच केले. परंतु ३,००,००,००,००० ही लांबी ३२ बिटांच्या 'इंट'मध्ये कोंबली की जीसीसी तिचे −१,२९,४९,६७,२९६ करतो, आणि लहान संख्या म्हणून नेमकी तीच निवडली जाते. माझा 'इंट' कधीही ऋण होत नाही याची खात्री केल्यावर मी 'मिन_टी'मध्ये 'इंट'ऐवजी 'साइझ_टी' लिहिले.

पुढे कर्नलमधली ही तपासणी बदलली आणि आता संदेशात थेट चिन्हाच्या विसंगतीचा उल्लेख येतो.